उशीररावांचा सूर

४ मार्च

दादा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल की नाही, मला माहीत नाही. रेकॉर्डच्या वेष्टनावर मागे, भिंग घेऊन वाचावं इतक्या बारीक अक्षरांत कंपनीचा पत्ता छापला आहे. तिथेच पाठवते आहे. पाकिटावर ‘पेडल स्टील वाजवणाऱ्यांना द्यावे’ असं लिहिलं आहे. कुणीतरी पोचवेल.

मी अजून त्याच नोकरीत आहे. तोच दुसरा मजला, कानतपासणीची तीच आवाजबंद खोली. फक्त आतली खुर्ची बदलली आहे, कारण जुनी करकरायची आणि लोक त्या करकरीलाच बोट वर करायचे.

काल सकाळी एका आजोबांना आत बोलवायला मी बाहेर आले. आमच्या स्वागतिकेच्या टेबलावर रेडिओ असतो, इतका हळू, की आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो चालू आहे हेही कळत नाही. मी दारात उभी राहून नाव पुकारायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. जुन्या धाटणीचं कंट्री रॉक लागलं होतं. गाणारी बाई मला अनोळखी होती. तिची ओळ संपली. मग काहीच नाही. आता कुणी येत नाही असं वाटेपर्यंत काहीच नाही. आणि मग तिच्या मागून एक सूर आला, कुठून सुरू झाला ते न कळता आला, किंचित खालून वर चढला आणि जागेवर येऊन हलकासा थरथरत थांबला.

“मॅडम, बरं वाटत नाहीये का?” स्वागतिकेनं विचारलं.

“हा माझा भाऊ आहे,” मी म्हणाले.

तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, तरी ते अदबीनं हसले.

नंतर तिनं मला विचारलं, हे वाद्य कुठलं. मी सांगायला गेले आणि माझी त्रेधा उडाली. टेबलासारखं चार पायांवर उभं असतं, दहा तारा आडव्या, वाजवणारा समोर बसतो, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत दांडी धरून तारांवर सरकवतो, उजव्या बोटांना नख्या, पायांखाली पेडलं आणि गुडघ्यांना लागणाऱ्या दांड्या, त्यांनी वाजत्या तारेचा सूर वर-खाली होतो. ती म्हणाली, “म्हणजे शिवणयंत्र.” तुला राग येईल, पण मला हसू आलं. आईसुद्धा त्याला ‘इस्त्रीचं टेबल’ म्हणायची आणि घड्या घातलेले कपडे त्यावर ठेवायची.

गाणं संपल्यावर रेडिओवर गायिकेचं नाव सांगितलं होतं, त्यावरून आज दुपारच्या सुट्टीत जाऊन रेकॉर्ड आणली. मागे नावं आहेत. गायिका, गिटार, बास, ड्रम, आणि शेवटी: पेडल स्टील – उशीरराव. रस्त्यातच उभी राहून मी ते तीनदा वाचलं. तुमच्या जुन्या बँडमधल्या पोरांनी ठेवलेलं नाव. ओळ संपली तरी तू इतका थांबायचास की ड्रमवाला मान वळवून बघायचा, हा झोपला की काय. ते नाव तू अजून टाकलेलं नाहीस, म्हणून हे पत्र लिहायचं धाडस केलं.

आम्ही सगळे बरे आहोत.

तुझी,
धाकटी

२७ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा नव्हती, तरी रोज घरी आल्यावर पेटी उघडून बघते. काल पाणीपुरवठ्याची नोटीस होती.

रेकॉर्ड रोज ऐकते. संध्याकाळी पाचला घरी येते, चहा ठेवते, पहिली बाजू लावते. तुझं कौतुक करायला मला शब्द नाहीत असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. पंचवीस वर्षं आवाज मोजायचं काम केलं आहे, शब्द आहेत.

तू तार छेडतोस तेव्हा उजव्या पायाखालचं आवाजाचं पेडल जवळजवळ मिटलेलं असतं. तार वाजून जाते आणि मग तू ते उघडतोस. त्यामुळे नखीचा टोच ऐकूच येत नाही, फक्त सूर मोठा होत येतो. हे सगळेच करतात, मला माहीत आहे. पण बाकीचे झपकन उघडतात आणि सूर रडल्यासारखा वाटतो. तुझा रडत नाही. तो सांगायला आलेला असतो आणि सांगावं की नाही ते ठरवत असतो. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात तू दोन तारा एकदम छेडल्या आहेस. एक जागच्या जागी राहते आणि दुसरी पेडलनं हळूच सरकून तिच्याजवळ येते. ती जागा मी कितीदा लावली ते सांगत नाही. सुई तिथे टेकवता टेकवता त्या ठिकाणी आता बारीक खरखर यायला लागली आहे.

स्वागतिकेला मी ती रेकॉर्ड ऐकवायला घरी बोलावलं होतं. मुलगी चांगली आहे. दोन गाणी ऐकली आणि म्हणाली, “मॅडम, छान आहे, पण यांचा सूर फार एकटा वाटतो.” मग तिला घरी जायचं होतं.

आपलं बोलणं जिथे थांबलं तिथलं काही मी लिहिणार नव्हते. पण इतकं सांगते. मी तुझे कान तपासले आणि दहा दिवसांत तुला बँडमधून काढलं, तेव्हा तू मला विचारलं होतंस, त्याला कुणी सांगितलं. तो, म्हणजे तुझा मित्र, तुमचा गायक, त्याला स्वतःलाच संशय आला होता. तुझ्या कानात शिट्टी वाजते हे तू त्याच्यासमोरच म्हणाला होतास. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

उन्हाळा सुरू झाला आहे. आवाजबंद खोलीत पंखा लावता येत नाही, लोक घामाघूम होऊन बाहेर येतात.

धाकटी

१९ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं.

पुढच्या बाजूला तुमच्या रविवार दुपारच्या कार्यक्रमाची जाहिरात आहे, हाताशी आलं ते घेतलेलं दिसतं. मागे एकच ओळ. ‘माझ्या कानांचा तो आलेख अजून असेल तर पाठव.’ सही नाही, पण ‘आलेख’मधला ख तू अजून शाळेतल्यासारखाच काढतोस.

बावीस वर्षांनंतर माणूस काय विचारेल याचे मी पुष्कळ अंदाज केले होते. आईचं विचारशील, माझं विचारशील, शिव्या देशील. हे डोक्यात आलं नव्हतं.

आमच्या केंद्रात जुने कागद दहा वर्षांनंतर नष्ट करतात. नियमच आहे. मी चौकशी करून कळवते.

तुला तो आता कशाला हवा आहे? त्या दिवशी मी तुझ्यासमोर धरला होता तेव्हा तू मान फिरवलीस. म्हणालास, “कागद नको, तोंडानं सांग.”

धाकटी

२४ एप्रिल

दादा,

आलेख सोबत आहे. चौकशी करण्यासारखं काही नव्हतं. केंद्रातली प्रत कधीच गेली, ही माझ्या कपाटातली आहे. बावीस वर्षं माझ्याच कपाटात होती.

तो कसा वाचायचा ते सांगते, कारण तेव्हा सांगितलं नाही.

डावीकडून उजवीकडे आवाज बारीक होत जातात. डावीकडे जाड, उजवीकडे शिट्टीसारखे. रेषा जितकी खाली उतरेल तितकं ऐकू कमी. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. बघ, दोन्ही रेषा डावीकडून अर्ध्याच्या पुढपर्यंत वरच्या वर सरळ चालल्या आहेत. मग चार हजार असं जिथे लिहिलं आहे तिथे खड्डा आहे, आणि पुढे आठ हजारांपाशी रेषा परत वर येते. हा खड्डा मोठ्या आवाजात काम करणाऱ्या सगळ्यांना पडतो. यंत्रावर काम करणाऱ्यांना, रस्ता फोडणाऱ्यांना, ड्रमच्या शेजारी बसणाऱ्यांना. आठवड्यात मी असे चार तरी बघते.

आता नीट वाच. तुझ्या वाद्याचा सगळ्यात उंच सूर, दांडी अगदी शेवटच्या रेघेपर्यंत नेलीस तरी, दोन हजारांच्या आत राहतो. तुझा एकही सूर त्या खड्ड्यात पडत नव्हता. आवाजाची वरची चमक तुला थोडी कमी ऐकू आली असती. गर्दीत बायकांचं बोलणं अर्धवट कळलं असतं. कानात बोळे घालून वाजवलं असतंस, ड्रमपासून दोन हात लांब बसला असतास, तर वीस-पंचवीस वर्षं वाजवण्यात तुला काही अडचण येणार नव्हती.

हे मला तेव्हा माहीत होतं. तीन वर्षं झाली होती नोकरीला, एवढं कळत होतं.

मी काय सांगितलं ते तुला आठवत असणार. मी म्हणाले, “दादा, कान चाललेत.” तू विचारलंस, “किती दिवस?” मी म्हणाले, “सांगता येत नाही.” एकही शब्द खोटा नव्हता. चार हजारांवरचा कान खरंच चालला होता आणि किती दिवस ते खरंच कुणाला सांगता येत नाही.

आणि त्याला, तुमच्या गायकाला, संशय वगैरे आला नव्हता. मीच सांगितलं. त्याच दिवशी, संध्याकाळच्या चहाला. तुला सांगितलं तेवढंच त्यालाही सांगितलं.

का, ते लिहिते. पटेल असं वाटत नाही. आईचं अंग लुळं पडून तेव्हा सात महिने झाले होते. सकाळी तिला पुसायची, भरवायची, शेजारच्या काकूंना बसवून कामावर जायची, आल्यावर परत तेच. तुम्ही दोघं दौऱ्यावर. महिन्यातून दोन दिवस यायचात, गाडीतले आणि स्टेजवरचे किस्से सांगायचात, आई अर्ध्या तोंडानं हसायची, आणि तुम्ही निघायचात. तुम्ही गेलात की ती दाराकडे बघत राहायची. मी तिच्या समोर असायचे.

मी काही कट केला नव्हता, दादा. आलेख हातात होता, तू काचेपलीकडे बसला होतास, कानांवरचे हेडफोन काढत होतास आणि मला वाटलं, हा वाजवायचा थांबला तर घरी येईल. बस. मग तोंडातून तेवढंच आलं. उरलेलं सांगायला माझ्याकडे दुसरा दिवस होता, तिसरा होता. दहा दिवस होते. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग तू निघून गेलास, आणि घरी आला नाहीस.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

आलेखाची घडी जिथे आहे तिथे कागद फाटत आला आहे, जपून उघड.

धाकटी

८ जून

दादा,

सहा आठवडे झाले. आलेख पोचला असावा, परत तरी आला नाही.

पहिल्या पत्रात ‘आम्ही सगळे बरे आहोत’ लिहिलं होतं. आम्ही म्हणजे मी. तुझा मित्र, माझा नवरा, अकरा वर्षांपूर्वी वेगळा राहायला गेला. भांडण असं काही झालं नाही. बँड मोडल्यानंतर त्यानं रंगाचं दुकान काढलं होतं, दुकानाच्या वर एक खोली होती. आधी हिशेब उरकायला म्हणून तिथे थांबायचा, मग थांबलाच. वर्षातून दोनदा फोन येतो, प्रकृती विचारतो. त्याला घरातल्या भिंतींचे रंग अजून पाठ आहेत. बैठकीच्या खोलीला पोपडे धरले असतील, म्हणतो. धरले आहेत.

तू गेल्यावर पुढच्या वर्षी आई गेली. पुढे ड्रमवाला तुला कुठेतरी भेटला, त्याच्याकडून उशिरा कळलं असं ऐकलं. तेव्हा तुझा पत्ता कुणाकडेच नव्हता.

रविवारी मीच त्याला फोन केला. म्हटलं, एक सांगायचं आहे, आणि तुझ्या कानांचं सगळं सांगितलं, अर्धं लपवलेलंसुद्धा. दुकानात रंग ढवळायचं यंत्र चालू होतं, ते ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“त्याच आठवड्यात मी एका कानाच्या डॉक्टरला विचारलं होतं. तो म्हणाला, वाजवायला यानं काही होत नाही.”

“मग काढलंस का त्याला?”

“निमित्त मिळालं होतं,” तो म्हणाला. “तुला ठाऊक नाही स्टेजवरून कसं दिसतं ते. मी गात असेपर्यंत लोक माझ्याकडे बघायचे. ओळ संपली की सगळ्या माना त्याच्याकडे. रोज. गाणं माझं, आणि घरी जाताना गुणगुणायचे ते त्याचं.”

मी विचारलं, मला कधी बोलला का नाहीस. तो म्हणाला, “तू तरी कुठे बोललीस?”

बावीस वर्षांतली अकरा आम्ही एका घरात काढली, समोरासमोर जेवलो, आणि दोघांनाही तेच माहीत होतं. फोन ठेवल्यावर रेकॉर्ड लावायला उठले आणि लावली नाही.

त्याचं सांगितलं म्हणून माझं कमी होतं असं समजू नकोस. त्याला निमित्त मिळालं ते माझ्याकडून.

शिवाय नंतर एक मला सुचलं. त्यानं डॉक्टरला विचारलं. तू कुणालाच विचारलं नाहीस. बहिणीनं सांगितलं म्हटल्यावर तू कशाला विचारशील?

धाकटी

३ जुलै

दादा,

काल तू मला ओळखलंस, तरी हे लिहिते. काल माझ्या तोंडून फारसं काही निघालं नाही.

कार्डावरचा पत्ता घेऊन सकाळच्या गाडीनं निघाले. पाच तास. तुमची जागा म्हणजे जुनं गोदाम आहे हे बाहेरून कळलं नाही, दोनदा पुढून गेले. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, चाळीस-एक माणसं, खिडक्यांतून दुपारचं ऊन सरळ स्टेजवर. मी सगळ्यात मागे, खांबाच्या आड बसले.

तू डावीकडे होतास. केस पांढरे झालेत आणि पाठीला बाबांसारखा बाक आला आहे. उजव्या पायातला बूट काढून तू मोज्यावर बसला होतास, ते तू आधीपासूनच करायचास का? मला आठवेना. गाणारी बाई तुझ्याहून खूप लहान आहे. ओळ संपली की ती माईकपासून एक पाऊल मागे सरकते, तुझ्याकडे वळून थांबते आणि डोळे मिटते. ती तुला जागा करून देते. हे मी तुमच्या जुन्या बँडमध्ये कधी पाहिलं नव्हतं.

आणि तू पूर्वीपेक्षाही जास्त थांबतोस. एका ठिकाणी तर समोरच्या रांगेतल्या एका बाईनं मांडीवरची पिशवी उचलली, गाणं संपलं समजून. मग तू आलास. तिनं पिशवी परत ठेवली.

कार्यक्रम संपल्यावर लोक गेले आणि मी उठले नाही. तू तारा पुसत होतास. मान वर न करता म्हणालास, “आलेख मिळाला.”

मी पुढे आले. तू फडकं घडी केलंस.

“इथल्या एका डॉक्टरला दाखवला,” तू म्हणालास. “तू लिहिलंयस तेच तो म्हणाला. कान परत तपासले त्यानं. थोडं आणखी गेलंय. सुरांपर्यंत अजून आलेलं नाही.”

“बरं झालं,” मी म्हणाले. किती मूर्खासारखं.

“नऊ वर्षं मी वाजवलं नाही.”

मला हे माहीत नव्हतं, दादा. मला वाटत होतं तू दुसरीकडे कुठे वाजवत असशील. रागावला असशील, पण वाजवत असशील.

तू तसाच सांगत राहिलास, फार मोठ्यानं नाही, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचास. वाद्य पेटीत घालून पलंगाखाली सारलं होतंस. “रोज सकाळी उठलं की पहिल्यांदा हातातलं घड्याळ कानाला लावायचो,” तू म्हणालास. “टिकटिक ऐकू येते का बघायला. रोज यायची. मला वाटायचं, आज आली, उद्या नाही येणार. एकदा लग्नाचं ठरत होतं. म्हटलं, बहिऱ्या माणसाच्या गळ्यात कुणाला कशाला बांधायचं. नऊ वर्षं टिकटिक ऐकली.”

“मग?”

“मग एक दिवस लिफ्टच्या खोलीत काम करताना एक तार ताणली गेली आणि वाजली. वरचा सा होता. मी तिथेच बसलो. म्हटलं, जायचे ते जातील तेव्हा जातील.”

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. परत येताना गाडीत पाच तास मी ते शोधत होते, आणि आत्ताही शोधते आहे. त्या नऊ वर्षांचं मी काही करू शकत नाही. रेकॉर्डवर तुझा सूर ऐकून मी तुला लिहिलं होतं, की तो सांगावं की नाही ते ठरवत असतो. मोठ्या दिमाखात लिहिलं होतं. तो तसा कशानं झाला हे मला माहीत नव्हतं.

तू वायर गुंडाळायला घेतलीस. निघताना विचारलंस, “मागे का बसलीस?”

“तुला दिसू नये म्हणून.”

“मागे स्टील पोचत नाही,” तू म्हणालास. “तिथे नुसते ड्रम ऐकू येतात. तिसऱ्या रांगेत बसायचं, डावीकडे.”

बस इतकंच. ये म्हणाला नाहीस. येऊ नको असंही म्हणाला नाहीस.

धाकटी

१७ जुलै

दादा,

काल तिसऱ्या रांगेत डावीकडे बसले होते. तू बरोबर सांगितलं होतंस. तिथून पेडल दाबताना सांध्याचा बारीक खटकासुद्धा ऐकू येतो, आणि दांडी तारांवरून उचलताना होणारा निःश्वासासारखा आवाज, जो रेकॉर्डवर नाही. तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. कार्यक्रमानंतर मी दाराशी थांबले, जावं की राहावं कळेना.

तुमचा सामान उचलणारा आला नव्हता. तू वाद्य उलटं करून पाय काढत होतास. चारही काढलेस, पेटी बंद केलीस आणि दोन पाय माझ्याकडे केलेस. “धर.” मी धरले. उरलेले दोन तू काखेत घेतलेस, पेटी उचललीस, आणि आपण गाडीपर्यंत चालत गेलो. किती अंतर असेल, शंभर पावलं. तुझं गुडघ्याचं दुखणं मला दिसलं, मी विचारलं नाही.

तू मागचं दार उघडलंस, सामान आत ठेवलंस, माझ्या हातातून पाय घेतलेस. दार लावलं नाहीस. त्याच्यावर हात ठेवून उभा राहिलास.

“आई शेवटी बोलत होती का?”

हा प्रश्न तू विचारशील म्हणून मी आई गेल्यापासून एक उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं उत्तर होतं. तुला बरं वाटलं असतं.

“नाही,” मी म्हणाले. “शेवटचे तीन महिने शब्द नव्हतेच. माझंही नाव घेता येत नव्हतं तिला.”

“दुखत होतं का?”

“पाठीला जखमा झाल्या होत्या. कूस बदलताना दुखायचं. मी एकटी होते, नीट उचलता यायची नाही. मग ती दात चावायची. माझ्यावर ओरडायला नको म्हणून.”

तू मान हलवलीस आणि रस्त्याकडे बघत राहिलास. तुझा चेहरा मला दिसत नव्हता. मग म्हणालास, “एकटीच होतीस.”

मला ते विचारलंस की नुसतं म्हणालास, कळलं नाही. मी हो म्हणाले.

तू दार लावलंस. म्हणालास, “पुढच्या रविवारी येणार असशील तर तीनला ये. वाद्य जुळवायला मला तास लागतो. तेव्हा कुणी नसतं.”

हे पत्र टपालात टाकत नाही. टाकलं तरी ते पोचायच्या आत मीच पोचेन. पहिली गाडी साडेनऊला आहे, तिकीट आजच काढलं. आईचं सगळं सांगायला एक तास पुरणार नाही. तू तारा जुळवत राहा, मी बाजूला बसून सांगत जाईन, आणि मोठ्यानं बोलेन.

धाकटी